लाल धाग्याचे पाच वेढे

मिलर्स बेंड, पेनसिल्व्हेनिया
२ मार्च १९८१

श्री. हार्लन टीग यांस,

आपली ओळख नाही. मी लिओरा हॉकनबेरी, वय एकोणसाठ. जुनिआटा नदीच्या काठी राहते आणि चाळीस वर्षं लहानतोंड्या बास माशासाठी गळावर धाग्यानं नकली आमिषं बांधते. पिसांच्या माश्या, बुचाचे किडे, हरणाच्या केसांचे बेडूक, जे मागाल ते.

आमच्या गावचे दंतवैद्य ब्रुबेकर गेल्या सप्टेंबरात तुमच्याकडे गॅस्कोनेड नदीवर मासे धरायला आले होते. तुमच्या दुकानातून त्यांनी केसांचा एक बेडूक नेला. परवा तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "लिओरा, यानं मला एका दुपारी अकरा मासे दिले. असेच डझनभर बांधून दे. आणि रागावू नकोस, पण तुझ्यापेक्षा बरा आहे."

दात उपटणाऱ्या माणसाला बोलण्याची रीत कोण शिकवणार?  पण बेडूक हातात घेतल्यावर कळलं की ते खरं बोलत होते. केस इतके ठासून बसवलेत की नख आत जात नाही. पोटाकडची बाजू पात्यानं तासलीय ती एका हातानं, कुठेही थांबल्याची खूण नाही.

नक्कल करायची तर आत काय आहे ते बघावं लागतं, म्हणून मी तो शिकंज्यात धरून उसवला.  आता एवढंच विचारायचंय: हे कोण बांधतं? डावखुरा माणूस आहे का? धागा उलट्या अंगानं फिरलाय, म्हणून विचारलं. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं कुतूहल आहे, दुसरं काही नाही. त्याच्याकडचे आणखी सहा बेडूक असले तर पाठवा.

आपली,
लिओरा हॉकनबेरी


कोल क्रीक, मिसूरी
१० मार्च १९८१

मिसेस हॉकनबेरी,

तुमचं पत्र मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. दंतवैद्याच्या वाक्यावर हेझल इतकी हसली की रस्सा करपला. ते गृहस्थ मला आठवतात. तीन दिवस दुकानात येऊन प्रत्येक आमिषाला नावं ठेवली आणि जाताना माझ्या दाढेकडे बघून म्हणाले, "ही फार दिवस टिकणार नाही." नाही टिकली.

तुम्ही विचारलेला बेडूक बांधायचे गस म्हणून एक म्हातारे. गेल्या थंडीत वारले बिचारे. मागे कुणी नाही. डावखुरे होते की उजवे, खरंच सांगता येणार नाही, माणसाचे हात कोण बघतो? आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते मासे विचारत येतं.

त्यांचे सहा बेडूक फडताळात उरले होते, ते सोबत पाठवलेत. एका कारागिराकडून दुसऱ्या कारागिराला भेट समजा. अजून लागले तर नाहीत, संपले.

बर्फ वितळतंय. पाणी अजून दाताला झोंबतं, पण बास दगडांच्या आडोशाला सरकायला लागलेत. तुमच्याकडे कसं आहे?

तुमचा,
हार्लन टीग


मिलर्स बेंड
१९ मार्च १९८१

श्री. टीग,

तुम्हाला खोटं बोलता येत नाही. वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या माणसांना येत नाही.

डबा उघडला आणि घरभर रोगणाचा वास सुटला. बेडकांच्या तोंडाला, जिथे शेवटची गाठ पडते, तिथे अजून बोट चिकटतं. गेल्या थंडीत वारलेल्या माणसानं गेल्या आठवड्यात रोगण कसं लावलं?

आता माझं खोटं. धंद्याचं कुतूहल वगैरे काही नव्हतं. दंतवैद्याचा बेडूक उसवला तेव्हा केसांच्या, डिंकाच्या, काळ्या धाग्याच्याही खाली, अगदी गळाच्या लोखंडाला लागून, मला लाल धाग्याचे पाच वेढे दिसले. मी खुर्चीतून उठले, दिवा जवळ घेतला, पुन्हा मोजले. पाचच. आणि उलट्या अंगाचे.

आमचे वडील आगगाडीचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात होते आणि संध्याकाळी आमिषं बांधायचे. सुरुवातीचे पाच वेढे लाल, हा त्यांचा नियम. ते ना माशाला दिसत, ना गिऱ्हाइकाला. माझ्या भावानं एकदा विचारलं, "मग कशाला?" बाबा म्हणाले, "तुला माहीत असतं ना? बस." जगात ही गोष्ट तीन माणसांना ठाऊक होती. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. एक मी. तिसरा माझा धाकटा भाऊ ऑल्डन डेट्रिक, डावखुरा, जून एकोणसत्तरपासून बेपत्ता.

तो का गेला तेही सांगते, म्हणजे तुम्ही कुणाला लपवताय ते तुम्हाला कळेल. त्या जूनमध्ये तो आणि माझा नवरा मर्ल होडी घेऊन बंधाऱ्याच्या खाली गेले. पाणी चढलेलं होतं. होडी उलटली. ऑल्डन काठाला लागला, मर्ल लागला नाही. तिसऱ्या दिवशी सापडला. दफनाच्या वेळी, सगळं गाव उभं असताना, मी भावाच्या तोंडावर म्हणाले, "नदीनं चुकीचा माणूस ठेवून घेतला." त्या संध्याकाळी तो घरातून निघाला. सोबत फक्त त्याचा शिकंजा आणि पिसांची पेटी. आई सात वर्षं रोज टपालाची वाट बघत होती. नंतर तीही गेली.

तो जिवंत आहे का, एवढं एका शब्दात कळवा. बाकी काही मागत नाही.

लिओरा


कोल क्रीक
२८ मार्च १९८१

मिसेस हॉकनबेरी,

आहे.

एका शब्दात मागितलंत, दिला. पण मी बोलका माणूस आहे आणि तीन आठवडे पोटात दुखतंय, तेव्हा पुढचंही वाचा.

एकोणसत्तरच्या शरदात एक दाढी वाढलेला, ओल्या कोटातला माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "तुमचे केसांचे किडे भिकार आहेत. एक टेबल द्या, मी नीट बांधून देतो." मी म्हटलं, "ओळख ना पाळख, आणि आल्या आल्या शिव्या?" हेझल म्हणाली, "आधी जेवू दे त्याला." तेव्हापासून तो दुकानामागच्या खोलीत आहे. आम्ही त्याला गस म्हणतो, कारण त्यानं तेच नाव सांगितलं. खरं नाव तुमच्या पत्रातून कळलं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. बारा वर्षांत तो नदीत उतरलेला नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. नवीन बेडूक तरंगतो कसा, झटका दिल्यावर डुबुक असा आवाज करतो की नाही, हे तो घोड्यांच्या दगडी कुंडीत बघतो, तेही हात लांब करून. मी पहिल्यांदा थट्टा केली: "मासे धरायची आमिषं करतोस आणि पाण्याला मांजरासारखा भितोस?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी विषय काढला नाही.

तुमचं पहिलं पत्र मी त्याला दाखवलं. त्यानं फक्त नाव वाचलं, हात पुसले आणि म्हणाला, "तिला सांग, मेला." मी म्हटलं, "मेलेल्या माणसाचे बेडूक मी कसे विकू?" तर म्हणाला, "उरलेले आहेत म्हण." मी म्हटलं, ठीक. रात्रीतून त्यानं सहा बांधले, तुम्ही मागितले म्हणून. मला वाटलं जुने असतील. रोगणाकडे माझं लक्ष कुठून जाणार?

दुसरं पत्र मी त्याच्या टेबलावर ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं, वर हरणाच्या कातड्याचा तुकडा. तिसऱ्या दिवशी कातडं बाजूला होतं. तुमची आई गेल्याचं त्याला त्या पत्रातून कळलं. मी दार लोटून घेतलं, म्हणून पुढचं मला माहीत नाही.

जेवताना एवढंच म्हणाला, "तिला वाटतं मी तिच्या वाक्यामुळे गेलो." हेझलनं विचारलं, "मग कशामुळे गेलास?" तो उठून गेला. बटाटे तसेच राहिले ताटात.

तुम्ही सरळ त्यालाच लिहा. पत्र मी त्याच्या हातात देईन, फडताळात नाही.

हार्लन


मिलर्स बेंड
४ एप्रिल १९८१

ऑल्डन,

चार कागद फाडले. हा पाचवा. हाही फाडला तर टपाल निघून जाईल.

आई नोव्हेंबर शहात्तरमध्ये गेली. झोपेत. आदल्या दिवशी तिनं सफरचंदं सोलली होती. तुझ्यावर रागावलेली नव्हती, माझ्यावर होती. "तू त्याला हाकललंस," असं ती दर नाताळला म्हणायची आणि मी भांडी घासत ऐकून घ्यायचे.

ते वाक्य मी मागे घेते. बारा वर्षं उशीर झालाय, ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट तुला माहीत आहेच, पण मी ती कधी कबूल केली नाही. तुम्ही दोघं त्या दिवशी जाणार नव्हता. मर्ल पायरीवर बसून म्हणाला होता, "पाणी दूध घातलेल्या कॉफीसारखं झालंय, आज नको." तू म्हणालास, "मलाही नको वाटतंय." दुसऱ्या दिवशी तो टपालानं आमिषं विकणाऱ्या कंपनीच्या सूचिपत्राचा माणूस माझे बेडूक बघायला येणार होता. रबराचे पाय लावलेला नवा बेडूक वाहत्या पाण्यात सरळ बसतो की कलंडतो, हे मला कळायला हवं होतं. मी म्हणाले, "दोन धडधाकट पुरुष आणि एवढ्याशा पाण्याला भिता? माझं काम आहे म्हणून नको वाटतंय, होय ना?" मर्ल उठला. तो असा टोमणा कधी सहन करायचा नाही. मला ते ठाऊक होतं म्हणूनच मी तो मारला.

नदीवर तुम्हाला मी पाठवलं आणि गावासमोर बोट तुझ्याकडे दाखवलं.

लिही. शिव्या दे हवं तर.

लिओरा


कोल क्रीक
२ मे १९८१

लिओरा,

तुझ्या टोमण्याचा मी बारा वर्षांत एकदाही विचार केलेला नाही. तुझ्या वाक्याचाही राग नाही. वाक्य बरोबर होतं. ते मागे घेऊ नकोस, कारण तुला सगळं माहीत नाही.

आता सांगतो. हार्लन म्हणतो, लिहून टाक नाहीतर मला दुसरा कारागीर बघावा लागेल. थट्टा करतो, पण गेला महिनाभर माझ्या हातून एक बेडूक नीट झालेला नाही. केस फुलतात आणि मी ते दाबायचे विसरतो.

बंधाऱ्याखाली आम्ही मागच्या टोकाला नांगर टाकला. चूक माझी. चढत्या पाण्यात होडीच्या मागच्या बाजूनं नांगर टाकू नये हे पोरालाही कळतं. मर्ल म्हणाला, "पुढून टाक." मी म्हटलं, "दोन मिनिटांचं काम आहे." तुझा बेडूक त्यानंच फेकला. छान बसला पाण्यावर. मर्ल हसला, म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांगू नकोस, पण हा चालणार." तेवढ्यात वरून एक ओंडका आला. होडीचं मागचं टोक खाली गेलं, पाणी आत आलं आणि आम्ही दोघंही बाहेर फेकलो गेलो.

बसायची तरंगती उशी एकच वर आली. मी ती धरली. मर्ल माझ्या मागून आला आणि त्यानंही धरली. आणि उशी बुडायला लागली. तो मला खाली ओढत होता. मी ओरडलो, "मर्ल, सोड! दोघांना नाही पेलत!" त्याचं तोंड पाण्याखाली जात होतं, वर येत होतं.  नुसता ओढत राहिला. माझं डोकं एकदा पाण्याखाली गेलं, दुसऱ्यांदा गेलं. तिसऱ्या वेळी मी वर आलो तेव्हा त्याची बोटं माझ्या हातापाशी होती.

मी ती उपटली, लिओरा. उशीवरून. बांधताना खराब झालेले केस उपटतो तशी, अंगठा घालून. तो लगेच गेला. उशी एकदम वर आली.

मी काठावर पडलो होतो तेव्हा लोक म्हणत होते, बिचारा, वाचला.

ताप उतरल्यावर दफनाला आलो. तू ते वाक्य म्हणालीस तेव्हा मला वाटलं, हिला कळलंय. कुणीतरी पाहिलं असेल काठावरून. रात्रभर थांबलो असतो तर मला तुला सगळं सांगावंच लागलं असतं, आणि तुला सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून संध्याकाळीच निघालो.

आता तुला माहीत आहे. आणखी बेडूक मागवू नकोस.

ऑल्डन


मिलर्स बेंड
२० मे १९८१

ऑल्डन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शिकंजा झाकून ठेवला. चर्चला गेले नाही. दंतवैद्य दोनदा दार वाजवून गेले. दुसऱ्या वेळी ओरडले, "लिओरा, जिवंत आहेस का?" मी म्हटलं, "अजून ठरलेलं नाही."

पहिले चार दिवस मी तुझा द्वेष केला. लपवत नाही. तुझा तो अंगठा मला दिसत होता. माझ्या मर्लची बोटं दिसत होती, उजव्या करंगळीवर गळ घुसल्याची जुनी खूण असलेली.

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एक गोष्ट आहे, आणि ती मी आणखी एक दिवस जरी दाबून ठेवली तरी तुझ्यापेक्षा वाईट ठरेन. कदाचित ठरलेच आहे.

होडी उलटल्याच्या तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा मर्ल सापडला. ओळख पटवायला मला एकटीला नेलं. तू तापानं फणफणला होतास, आई तुझ्यापाशी होती. पोलिसांच्या वर्दीतला एक म्हातारा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुम्हाला हे माहीत असावं. नांगराची दोरी त्यांच्या डाव्या पायाला दोन वेढे बसली होती. नांगर दगडात अडकलेला. कापूनच काढावं लागलं. अशा पाण्यात कुणीही काही करू शकलं नसतं."

कळतंय का तुला? मर्ल तुला ओढत नव्हता. नदी त्याला ओढत होती. तुझ्या त्या उशीवर चार माणसं पेलली असती आणि तुझा हात देवाचा असता तरी मर्ल त्या दोरीतून सुटला नसता. तू बोटं सोडवली नसतीस तर मी त्या आठवड्यात दोघांना पुरलं असतं.

आणि हे मला दफनाच्या आधी माहीत होतं. ते वाक्य म्हणाले तेव्हाही माहीत होतं. मी त्या माणसाला सांगितलं, "हे गावात बोलू नका, माझ्या सासूला सहन होणार नाही." त्यानं मान डोलावली आणि शब्द पाळला. सासूचं कारण खोटं होतं. दोरीवर रागावता येत नाही, ऑल्डन. पाण्यावर येत नाही. आणि टोमणा मारून पाठवणारी मी, माझ्यावर रागवायला मी तयार नव्हते. मला एक माणूस हवा होता. तू समोर, तापातून उठलेला, जिवंत उभा होतास.

तू काय करून बसला आहेस हे मला ठाऊक नव्हतं. पण तू स्वतःला दोष देतोयस, हे त्या दिवशी आंधळ्यालाही दिसलं असतं. दोन वाक्यं बोलले असते तर तू थांबला असतास. मी नाही बोलले. नंतर वर्षं गेली आणि बोलणं आणखी कठीण होत गेलं. आईलाही नाही सांगितलं.

तुला क्षमा केली असं लिहावंसं वाटत होतं. पण ते लिहायला मी आहे कोण?

लिओरा


कोल क्रीक
२९ मे १९८१

लिओरा,

तुझं पत्र हार्लननं दिलं तेव्हा मी पिसं निवडत होतो. वाचून झाल्यावर मी टेबल उलथलं. बारा वर्षांतलं पहिलंच. हेझल धावत आली, पिसं सगळ्या खोलीत उडत होती. ती म्हणाली, "कोण मेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. माझ्या हातून कुणी मेलंच नव्हतं, तेच तर."

बारा वर्षं, लिओरा. मी लग्न केलं नाही. आईला मातीही द्यायला आलो नाही. नदी खिडकीतून दिसते म्हणून खाट फिरवून ठेवली. आणि तुझ्याकडे दोरी होती.

दोरीनं मी सुटत नाही, हेही सांगून ठेवतो. तेव्हा मला दोरी माहीत नव्हती. मी जे केलं ते एका माणसाला बुडू द्यायचं ठरवून केलं. ते माझं माझ्यापाशीच राहील. तुझं तुझ्यापाशी.

पण मी गुरुवारच्या बसनं निघतोय. शनिवारी दुपारी पोचेन. भांडायला येतोय की कशाला ते मला अजून कळलेलं नाही. थांब्यावर येऊ नकोस. चालत येईन.

ऑल्डन


मिलर्स बेंड
२२ जून १९८१

हार्लन,

आता 'श्री.' लावत नाही, तुम्हीही 'मिसेस' सोडा.

तो पोचला. तुम्हाला काळजी लागली असेल, आणि त्याला पत्र लिही म्हटलं की तो मिशीत गुरगुरतो, म्हणून मीच लिहिते.

मी थांब्यावर गेले नाही. पडद्याआडून रस्ता बघत राहिले. माणूस वळणावर दिसला तेव्हा मला वाटलं बाबाच आले. तीच चाल, तोच वाकलेला डावा खांदा. तो फाटकापाशी थांबला. मी दार उघडलं.  मी म्हणाले, "म्हातारा झालास." तो म्हणाला, "तू काय कोवळी राहिलीस?" आणि आत आला.

पहिले दोन दिवस आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात भांडण झालं. अंडी तळता तळता सुरू झालं आणि तव्यावर अंडी कोळसा झाली तरी चाललं होतं. तो ओरडला, "दोन वाक्यं! दोन वाक्यं बोलायची होती तुला!" मी ओरडले, "आणि तुला? तू का नाही बोललास? मी वेड्यासारखी एकटी होते या घरात!" त्यानं टेबलावर मूठ आपटली. मी रडले नाही. तो रडला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हात खाली सोडून, लहान मुलासारखा. मी त्याला जवळ घेतलं नाही, हार्लन. घ्यायला हवं होतं. हात उचलला, पण गेला नाही पुढे. मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तो प्याला.

रविवारी आम्ही मर्लच्या थडग्यावर गेलो. ऑल्डननं टोपी काढली आणि उशीची सगळी हकीकत दगडाला मोठ्यानं सांगितली, जशी मला लिहिली होती तशी, शब्द न गाळता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता तू." मी म्हटलं, "माझं त्याला माहीत असेल." तो म्हणाला, "माहीत असलं तरी सांग." मीही सांगितलं. टोमणा, दोरी, सगळं. पलीकडच्या ओळीत कुणी बाई फुलं ठेवत होती, ती लगबगीनं निघून गेली. आज गावभर झालं असेल. होऊ दे.

येताना रस्ता नदीला लागून जातो. मी विचारलं, "दुसऱ्या वाटेनं जाऊ या?" त्यानं नकारार्थी मान हलवली आणि माझ्या पलीकडच्या अंगानं चालू लागला, म्हणजे त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये मी राहीन. तसाच चालला घरापर्यंत. एकदाही तिकडे पाहिलं नाही. कडेच्या उथळ पाण्यात लहानतोंड्या बास उड्या मारत होते, आवाज येत होता. तो मात्र त्यानं ऐकला, कारण फाटकापाशी म्हणाला, "पाण्यावरचे चतुर पकडून खातायत."

आम्ही बरे झालो असं मी तुम्हाला लिहिणार नाही. जेवताना अजून एकमेकांकडे सरळ बघवत नाही. काल मी त्याचं ताट उचलायला गेले तर त्यानं माझं मनगट धरलं आणि मग सोडून दिलं. पण त्याच्या खोलीत उजेड असतो आणि सकाळी चुलीवर माझ्याआधी कॉफी चढलेली असते. फार वाईट करतो. हेझलनं शिकवायला हवी होती.

किती दिवस राहणार असं मी विचारत नाही. आज सकाळी म्हणाला, "हार्लनला लिहिशील तर सांग, माझी खोली कुणाला देऊ नकोस." मी लिहून घेतलं. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "तुझ्या कोठाराच्या छपराचे तीन पत्रे सडलेत. हिवाळ्याआधी बदलायला हवेत."

दोन्ही गोष्टी त्यानं एका दमात सांगितल्या. मी दोन्ही तुम्हाला कळवते.

तुमची,
लिओरा